फिनिक्सच्या अंगणातला आंबा

पत्राचा सारांश: मुलुंडच्या एका वाचकभगिनींनी लिहिलं आहे. वय ६७, माहेर देवगडजवळचं, बालपण आंब्याच्या बागेत गेलं. मुलगी आणि जावई अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहराच्या उपनगरात राहतात. दर वर्षी ऑक्टोबरात त्या तिकडे जातात आणि मार्चअखेर परततात. नातवाला अंगणातला आंबा खायला मिळावा म्हणून त्यांनी दोनदा तिथल्या नर्सरीतून कलम आणलं. खड्ड्यात निम्मं शेणखत घातलं, रोज स्वतः पाणी घातलं. पहिलं कलम ऑक्टोबरात लावलं; छान पालवी फुटली आणि जानेवारीत एका रात्रीत काळं पडलं. ते त्यांनी फेब्रुवारीत उपटून टाकलं. दुसरं पश्चिमेच्या कुंपणभिंतीच्या आडोशाला लावलं. थंडीत प्लास्टिक पांघरल्यावर ते जगलं. त्या मुंबईला परतल्यावर मुलीने दोन ड्रिपर (ठिबकाच्या तोट्या) लावून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पाणी दिलं. मे महिन्यात पानांची टोकं करपली, खोडाची साल तडकली आणि जूनअखेर झाड वाळलं. जावई म्हणतात, "आई, हे वाळवंट आहे, पाणी वाया जातंय." मुलगी काही बोलत नाही. यंदा देवगडहून हापूसची दोन अस्सल कलमं बॅगेतून न्यावीत असं त्यांच्या मनात आहे. त्या विचारतात: नेऊ का? की हा माझा हट्टच आहे?

सप्रेम नमस्कार.

बॅगेचा विचार आधी काढून टाका. भारतातून रोपं, कलमं, माती, आंबा किंवा कोय असं काहीही प्रवाशाला सामानातून अमेरिकेत नेता येत नाही. विमानतळावर ते काढून घेतात आणि लपवलं तर दंडही होतो. या नियमाला ठोस कारण आहे. कोयीत राहणारा भुंगा आणि फळमाशी तिकडच्या बागांत शिरू नयेत म्हणून ही काळजी घेतली जाते. भारतीय आंब्याला २००७ मध्ये अमेरिकेचं दार पुन्हा उघडलं, तेही लासलगाव आणि वाशीसारख्या केंद्रांत विकिरण प्रक्रिया करण्याच्या अटीवर. आणि कोय रुजवण्याचा विचार असेल, तर बागेत वाढलेल्या तुम्हाला मी काय सांगावं! कोयीचं झाड रायवळच निघणार.

आता तुमच्या मनातल्या मूळ समजुतीकडे येते. तुमच्या पत्रात "वाळवंटाने दोन्ही झाडं मारली" असं वाक्य आहे. मला ते पटत नाही. पहिलं झाड थंडीने गेलं. दुसरं तहानेने, खाराने आणि भिंतीच्या झळेने. दोन्ही वेळा कोकणातली सवय कोकणाबाहेर वापरली गेली, एवढंच घडलं आहे. आपल्या कच्छमध्ये केसर आंब्याच्या मोठाल्या बागा आहेत. तिथेही पाऊस अपुरा, हवा कोरडी आणि पाण्यात क्षार आहेत. मुळं ओली असतील तर आंबा ४५ अंशांचं ऊन काढतो.

पहिल्या झाडाची लक्षणं नीट आठवा: एका रात्रीत, कोवळ्या पालवीपासून सुरुवात, उकडल्यासारखी काळी पानं. निरभ्र आकाश आणि वारा पडलेला अशा रात्री, पहाटेच्या सुमाराला हे होतं. फिनिक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येतं, पण शहराच्या कडेच्या वस्त्यांत डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा शून्याखाली उतरतो. उणे एक-दोन अंशांतच आंब्याचं लहान झाड मरू शकतं. तुम्ही ऑक्टोबरात लावलंत, खताच्या जोरावर नोव्हेंबरात नवी पालवी आली आणि तीच थंडीच्या तावडीत सापडली. दुसरी गोष्ट, तुम्ही ते फेब्रुवारीत उपटायला नको होतं. थंडीने काळवंडलेल्या झाडाला एप्रिलपर्यंत हात लावायचा नसतो. मार्चनंतर नखाने साल खरवडून पाहायची. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. कलमाच्या जोडाच्या वर फुटवा आला तर झाड तुमचं. जोडाखालून आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या मूळ रोपाचा, त्यावर नवं कलम बांधावं लागतं.

दुसऱ्या झाडाचा हिशोब मांडू. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, दिवसातून २० मिनिटं. म्हणजे रोजचं पाणी पावणेतीन लिटरांच्या आत. आता झाडाची गरज पाहा. हवेला जमिनीतून आणि पानांतून किती पाणी हवं असतं ते मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. फिनिक्सला जूनमध्ये ही मागणी दिवसाला साधारण ९ ते १० मिलिमीटर असते. वर्षभराची बेरीज १९०० मिलिमीटरच्या आसपास जाते आणि पाऊस २०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. मुंबईवर सबंध पावसाळ्यात जेवढं पाणी पडतं, जवळपास तेवढं तिथली हवा वर्षभरात पिऊन टाकते. झाडाला या मागणीपेक्षा काहीसं कमी लागतं. त्या हिशोबाने एक मीटर घेराच्या (घेर म्हणजे इथे फांद्यांच्या पसाऱ्याचा व्यास) लहानग्या झाडाला जूनमध्ये रोज सहा-सात लिटर लागले असते.

पण नुसता आकडा कमी पडला असं नाही, पाणी देण्याची रीतही चुकली. रोज थोडं पाणी वरच्या आठ-दहा सेंटिमीटरांतच राहतं. मुळं तिथेच थांबतात आणि तोच थर दुपारी तव्यासारखा तापतो. शिवाय तिथलं नळाचं पाणी जड आणि क्षारयुक्त आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रोजच्या पाण्याबरोबर साठत जातात. आंबा खाराला फार नाजूक. जुन्या पानांची टोकं आणि कडा आधी करपतात, हळूहळू आत सरकतात. तुम्ही मे महिन्याचं जे वर्णन केलं आहे, ते अगदी हेच आहे. खोडाची पश्चिमेकडची साल तडकली ती उन्हाने आणि भिंतीच्या झळेने. विटांची किंवा काँक्रीटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत अशा भिंतीशेजारच्या रोपाचं काय होत असेल, कल्पना करा.

म्हणून पुढच्या वेळी पाण्याचा एकच नियम मुलीला लिहून द्या: प्रत्येक वेळी पाणी तेवढंच, बदलायचं ते दोन पाण्यांमधलं अंतर. समजा झाडाचा घेर दोन मीटर झाला आहे. क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटरच्या जरा आत. जूनमध्ये रोजची गरज २० ते २५ लिटर, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी ६० ते ७० लिटर. जानेवारीत हीच गरज रोजच्या पाच-सहा लिटरांवर येते, म्हणजे तेवढंच पाणी दहा-बारा दिवसांनी. ताशी ४ लिटरचे सहा ड्रिपर असतील तर ६० लिटरला अडीच तास लागतात. (तिकडे ड्रिपर गॅलनच्या मापात मिळतात, एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर.) दहा मिनिटांचा टायमर पाहून "पाणी दिलं" असं वाटतं, पण ते मुळांपर्यंत पोचत नाही. पोचलं की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या इंचाची गुळगुळीत लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरड्या मातीला लागली की अडते. झाडासाठी ६० ते ९० सेंटिमीटर गेली पाहिजे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दुप्पट वेळ पाणी सोडा, म्हणजे साठलेले क्षार मुळांच्या खाली धुऊन जातील.

हे पाणी येतं कुठून, तेही एकदा तपासा. त्या भागात बऱ्याच घरांत जड पाणी मऊ करणारं यंत्र असतं. ते चुन्याच्या जागी सोडियम सोडतं आणि सोडियम आंब्याला विष. बागेचा नळ त्या यंत्राच्या आधी जोडलेला असला पाहिजे. पोहण्याच्या तलावाचं फिल्टर धुतलेलं पाणीही झाडाकडे वळवू नका.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत सोडा. घराच्या पूर्वेला किंवा आग्नेयेला, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा सगळ्यात चांगली. दक्षिणेकडची भिंत थंडीत ऊब देते हे खरं, पण तिच्यापासून दोन-अडीच मीटर लांब राहा. तिकडे अंगणभर शोभेची खडी पसरलेली असते, ती झाडाभोवती दीड मीटरपर्यंत काढून टाका.

खड्ड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे तुमचा हात कोकणी सवयीने चालणार. जांभ्या कातळात सुरुंग लावून खड्डा करायचा, चांगली माती आणि शेणखत भरायचं, ही पद्धत आपल्याकडे बरोबर आहे, कारण तिथे मातीच नसते. फिनिक्सची जमीन उलट आहे: विम्लयुक्त म्हणजे अल्कधर्मी, सामू (पीएच) आठच्या वर, आणि बऱ्याच ठिकाणी खाली चुनखडीचा दगडासारखा थर. तिथले लोक त्याला कलीची म्हणतात. खड्ड्यात भरलेलं शेणखत उन्हात लवकर कुजतं, माती खचते, झाड खाली बसतं आणि जोड मातीत गाडला जातो. शिवाय त्यातले क्षार वेगळेच. तेव्हा खड्डा मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल आणि तिप्पट रुंद घ्या. भरायला तीच निघालेली माती वापरा.

त्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर पातळी उतरली तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर खाली कलीची आहे. पहारीने तो थर फोडून आरपार भोक पाडता आलं तर पाडा. नाही जमलं तर जागा बदला, किंवा ३० ते ४५ सेंटिमीटर उंच आणि दोन मीटर रुंद वरंबा करून त्यावर लावा. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात, पानं मलूल होतात, माणसाला वाटतं तहान लागली आणि तो आणखी पाणी घालतो. झाडं अशीही मरतात.

लावायची वेळ मार्चचा पहिला किंवा दुसरा आठवडा. थंडीचा धोका संपलेला असतो आणि जूनपूर्वी मुळांना तीन महिने मिळतात. तुमच्या मुक्कामाचे ते शेवटचे आठवडे आहेत, हे जाणवलं असेलच. त्याकडे मी पुढे येते.

लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे गड्ड्यावरच, एक-दोन दिवसांआड पाणी. नर्सरीतलं मिश्रण आजूबाजूच्या मातीपेक्षा फार लवकर सुकतं. मग ड्रिपर हळूहळू बाहेर, घेराच्या कडेला न्या. आळंही तिथेच करा, खोड कोरडं राहू द्या. वरून लाकडाच्या तुकड्यांचं किंवा पालापाचोळ्याचं १० ते १५ सेंटिमीटर आच्छादन द्या, मात्र खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. शेणखत द्यायचंच असेल तर पूर्ण कुजलेलं, या आच्छादनाखाली, पातळ थरात. खालच्या फांद्या छाटू नका. त्याच खोडावर सावली धरतात. उघडं राहिलेलं खोड पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाने, निम्मं पाणी घालून, रंगवा. पहिले दोन-तीन उन्हाळे मे ते सप्टेंबर ४० ते ५० टक्क्यांचं शेडनेट पश्चिमेला आणि वर बांधा. ते पानांना चिकटता कामा नये.

थंडीत प्लास्टिक नको. जिथे ते पानाला टेकतं तिथे पान जळतं आणि सकाळी उन्हात आत भट्टी होते. जुनी सुती चादर चार बांबूंवरून जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे जमिनीची ऊब आत राहील. सकाळी काढून ठेवा. फारच कडाका असेल तर आत जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या दिव्यांची माळ लावा. एलईडी दिवे ऊब देत नाहीत. आदल्या दिवशी जमीन ओली असली की तीही रात्री उष्णता सोडते.

खताबद्दल थोडक्यात. लावल्यावर पहिले दोन-तीन महिने काही नको. पुढे फेब्रुवारी ते मे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात थोडं थोडं नत्र. जून-जुलैच्या कडाक्यात आणि ऑक्टोबरनंतर बंद. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो लोहाचा अभाव, आपल्याकडे उसावर पडतो तसा केवडा. तिथल्या जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) घालून उपयोग नाही, चुना लोहाला लगेच बांधून टाकतो. चिलेटेड आयर्न घ्या आणि डब्यावर ईडीडीएचए लिहिलं आहे ना ते पाहा. स्वस्त मिळणारं ईडीटीए एवढ्या सामूच्या जमिनीत टिकत नाही.

हापूसच हवा का? हापूसची चव देवगडच्या जांभ्याची, समुद्राच्या वाऱ्याची आणि तिथल्या हवेची आहे. कलम नेता आलं असतं तरी ती चव बरोबर गेली नसती. शिवाय हापूस एका वर्षाआड धरतो आणि जमिनीच्या झळेने त्याच्यात साका पडतो, हे तुम्ही जाणताच. माझं मत विचाराल तर तिकडच्या नर्सरीतून ग्लेन, केंट किंवा कीट घ्या. कीट सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार होतो, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा झाडावर फळ असू शकेल. कुठे केसरचं कलम मिळालं तर जरूर विचार करा. नर्सरीत जातीइतकंच खुंटाबद्दल विचारा. चुना आणि क्षार सोसणारा म्हणून इस्राएलमध्ये निवडलेला १३-१ नावाचा खुंट मिळाला तर उत्तम. फ्लोरिडातला टर्पेंटाइन हा खुंटही चुनखडीत तग धरतो. पहिली दोन वर्षं मोहोर खुडून टाका. पुढेही जानेवारीत फार लवकर आलेला मोहोर खुडला तर बहुधा पुन्हा येतो आणि तो थंडीतून वाचतो. बुरशीच्या रोगांपैकी करपा कोरड्या हवेत कमी, पण भुरीवर लक्ष ठेवा.

आता जावयांबद्दल. त्यांचं म्हणणं तुम्हाला टोचलं आहे, पण पाण्याची त्यांची काळजी खरी आहे. कोलोरॅडो नदीवर ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी अ‍ॅरिझोनाच्या वाट्यात कपात झाली. त्यांच्यासमोर भावना ठेवू नका, हिशोब ठेवा. दोन मीटर घेराच्या आंब्याला वर्षाला साधारण साडेचार हजार लिटर लागतात. मागे हिरवळ असेल तर तिचा सहा चौरस मीटरांचा तुकडा काढला की त्याहून जास्त पाणी वाचतं.

मुलगी गप्प आहे, याकडे मात्र नीट लक्ष द्या. तुम्ही असता तेव्हा झाडाला फारसं काम नसतं. एप्रिल ते सप्टेंबर, जेव्हा झाड जगतं किंवा मरतं, तेव्हा नळ तिच्या हातात असतो. दुसरं झाड वाळलं तेव्हा आईला काय सांगायचं, हे ओझं तिने एकटीने वाहिलं असेल. नातवाला आंबा देण्याची तुमची इच्छा सुंदर आहे, त्यात हट्ट नाही. पण ते काम तिला हवं आहे का, हे तिला कधी विचारलंत का? जाण्यापूर्वी फोनवर सरळ विचारा. कामही नेमकं सांगा: टायमर आपोआप चालेल, तिने उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं द्यायची, प्रत्येक ड्रिपर टपकतो आहे ना ते बघायचं, सळई खुपसायची, झाडाचा फोटो तुम्हाला पाठवायचा. क्षारांनी ड्रिपर बुजतात आणि जूनमध्ये चार दिवस बुजलेला ड्रिपर लहान झाडाला पुरेसा असतो.

ती "नको" म्हणाली तर रागावू नका, आंबा नका लावू. डाळिंब, अंजीर, बोर, तुती, शेवगा यांना तिथली हवा मानवते आणि एखादं पाणी चुकलं तरी ती तग धरतात. डाळिंब आणि अंजीर तर डिसेंबर-जानेवारीत, तुम्ही तिथे असतानाच, लावता येतात. पेरू थंडीने वरून जळला तरी बहुतेकदा बुंध्यातून पुन्हा फुटतो. सीताफळ जगेल, पण कोरड्या हवेत फळ धरायला मऊ कुंचल्याने संध्याकाळी उमललेल्या फुलातले पराग काढून सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलांना लावावे लागतील. नातवाला हे काम आवडू शकेल. नारळ आणि फणस यांच्या वाटेला जाऊ नका. कुंडीत आंबा हाही मुंबईच्या गॅलरीतला विचार; तिथे कुंडीच्या कडेने मुळं शिजतात.

दुबई, मस्कत, दोह्याहून लिहिणाऱ्या वाचकांनी यातला थंडीचा भाग सोडून द्यावा. रेताड जमिनीत पाणी झटकन खाली जातं, म्हणून अंतर कमी करून तेवढंच थोडं थोडं द्यावं आणि कंपोस्ट वरून जास्त घालावं. खाराचं, सावलीचं आणि भिंतीचं सगळं तसंच लागू आहे.

तुम्ही ऑक्टोबरात गेलात की लगेच कलम आणायला निघू नका. पहिल्या आठवड्यात पूर्वेच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी ३० सेंटिमीटरचे खड्डे घ्या, पाणी भरा आणि कुठल्या खड्ड्यात तासाला किती सेंटिमीटर उतरलं ते लिहून ठेवा. थंडीभर पहाटेचं किमान तापमान त्या जागेवर किती जातं तेही एका साध्या थर्मामीटरने टिपा. ते आकडे मला फेब्रुवारीत कळवा. जागा त्यावरून ठरवू, आणि कलम मार्चमध्ये.